विहिरीत सापडलेलं खोक्याचं लाकूड

“आक्का, मुळं न्हाईत गं! टोक निस्तं गुळगुळीत हाय, वढ्यातल्या गोट्यागत!”

जाऊ विहिरीतून एवढं ओरडली आणि तिच्या मागची माती सुटली. मोठा आवाज झाला नाही. ओल्या पोत्यांची थप्पी घसरावी तेवढाच झाला. मी काठावर पालथी पडून खाली बघत होते. आधी सगळी जाऊ दिसत होती. मग डोकं, खांदे आणि वर धरलेला हात, एवढंच राहिलं. हातात मोबाइल होता.

ही माझी धाकटी जाऊ. आमचं शेत होटगीच्या पुढे आहे, अजून वाटणी झालेली नाही. तिला खाली मी पाठवलं होतं. का पाठवलं ते आधी सांगते.

विहिरीचं पाणी तळाला गेलं म्हणून आम्ही ती खोल करायला घेतली. यारीवाला आला; यारी म्हणजे विहिरीतला दगडमाती बादलीने वर ओढायचं यंत्र. वरचा काळा खडक फोडल्यावर खाली पुरुषभर उंचीचा थर लागला, हिरवट पांढऱ्या चिकणमातीचा. त्यात गारगोट्या. त्याखाली पुन्हा काळा खडक. जाऊ घमेली भरायला खाली उतरायची, कारण मजुराचं काम तिला पसंत पडत नाही. कुणाचंच पडत नाही. मी वर बसून चहा करायची आणि तिला नावं ठेवायची. त्या थरात तिला एक आडवा ओंडका दिसला. निम्मा बाहेर, निम्मा मातीत. पहार मारली तर ठिणगी उडाली. तुटलेला तुकडा तिने बादलीतून वर पाठवला.

यारीवाला म्हणाला, “दगड हाय.”

खालून जाऊ ओरडली, “लाकूड हाय!”

“वैनी, लाकडातनं ठिणगी निघती व्हय?”

मी तुकडा पाण्यात बुडवला, पदराने पुसला आणि त्याचं तोंड उन्हाकडे धरलं. म्हटलं, “लाकूड हाय. खोक्याचं.”

यारीवाला हसून हसून बेजार झाला. “म्हातारे, पन्नास फुटाखाली खोकं कुणी पुरलं? तुज्या सासऱ्यानं?”

मी चौथी शिकले, पण लाकूड मला शिकवायचं कुणी कारण नाही. नवरा सोलापुरात मिलमध्ये होता तेव्हा मी बावीस वर्षं लाकडाच्या वखारीत काम केलं. बाभूळ, लिंब, चिंच आडवी कापली की तोंडावर बारीक भोकं दिसतात, टाचणीने टोचल्यासारखी. मिलची यंत्रं ज्या खोक्यांतून यायची, त्यांच्या फळ्या वखारीत जळणाला यायच्या. ते लाकूड हलकं, फिकं, राळेच्या वासाचं. भडकन पेटतं आणि लगेच संपतं. त्याच्या तोंडावर भोकं नसतात. गिऱ्हाइकाला बाभळीत खोकं मिसळून दिलं की दुसऱ्या दिवशी ते शिव्या देत परत यायचं. म्हणून तोंड बघायची सवय लागली. या दगडाला वास नव्हता, वजन धोंड्याचं होतं, पण भोकं नव्हती.

जावेच्या मुलीने फोटो काढून तिच्या कॉलेजातल्या मॅडमना पाठवला. त्या झाडांचंच शिकवतात. दोन दिवसांनी त्या स्वतः आल्या. भिंग लावून बराच वेळ बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, “आजी, हे सूचिपर्णी झाड आहे. तुम्हाला कुणी सांगितलं?”

“वखारीनं,” मी म्हटलं.

त्या तुकडा घेऊन गेल्या. पुढच्या आठवड्यात आम्हा दोघींना कॉलेजात बोलावलं. दगडाचा काप त्यांनी घासून घासून कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ केला होता. जावेने आधी डोळा लावला आणि म्हणाली, “मला काय बी दिसत न्हाय.”

“डोळा मिटलाय की तू, भवाने. दुसरा मीट.”

मी बघितलं तेव्हा बारीक चौकोनी घरं दिसली, सरळ ओळीत, एकाला एक चिकटून. मागावर ताणे जसे फणीतून निघतात तशा ओळी. मधे कुठेही मोठं भोक नाही. मॅडम म्हणाल्या, आपल्या झाडांत पाणी चढायला मोठ्या नळ्या असतात, त्याच तुम्हाला भोकं दिसतात. देवदार, चीड या जातीत त्या नळ्या नसतात. बारीक घरांतूनच पाणी वर जातं. हे लाकूड चिखलात गाडलं गेलं, पाण्यात विरघळलेली गार, गारगोटीत असते तीच, त्या घरांत शिरून बसली, आणि लाकडाचा दगड झाला. घरं मात्र जशीच्या तशी राहिली.

काळ्या खडकाचं त्यांनी सांगितलं ते मला पटलं. जमीन फाटून तापलेला रस पसरायचा आणि थंड झाला की खडक व्हायचा. मग पुष्कळ वर्षं काही नाही. त्या मधल्या वर्षांत तळी साठायची, गाळ बसायचा, झाडं यायची. मग पुन्हा रस यायचा आणि सगळं झाकून टाकायचा. आमचा चिकणमातीचा थर म्हणजे तसल्या एका तळ्याचा गाळ. काही कोटी वर्षांपूर्वीचा. कोटी म्हणजे किती ते मला कळत नाही आणि जे म्हणतात कळतं, त्यांनाही कळत नसावं.

मी विचारलं, “मग ही जात आता का न्हाय हितं? मी तर खोक्यातच बघितली.”

त्या म्हणाल्या, तेव्हा आपला देश या जागी नव्हताच. समुद्रात पार दक्षिणेला होता आणि वर सरकत होता. त्याच्याही आधी दक्षिणेकडचे बरेच देश एकाला एक जोडलेले होते. या लाकडाच्या जवळच्या जातीची झाडं आज समुद्रापलीकडच्या त्या देशांत आहेत. एखादी जात आपल्याकडेही उरली आहे, पण दक्षिणेच्या घाटात, जिथे पाऊस भरपूर आहे तिथे.

“म्हंजी भावकी,” जाऊ म्हणाली. “रान वाटून घेतलं आन् ज्यानं त्यानं आपापल्या वाट्यातली झाडं नेली.”

मॅडमना ते इतकं आवडलं की त्यांनी वहीत लिहून घेतलं. जाऊ घरी येईपर्यंत त्याच तोऱ्यात होती.

मी वर्तुळांचं विचारलं. खोक्याच्या फळीवर वर्षाची रेघ कशी ठसठशीत असते, काळपट. या कापावर रेघा होत्या, पण पुसट, आणि सारख्या अंतरावर नव्हत्या. काही ऐसपैस, काही दाटीने. मॅडम म्हणाल्या, बरोबर बघितलंत. खोक्याचं लाकूड थंड मुलखातलं. तिथे हिवाळ्यात झाड वाढायचं थांबतं, म्हणून रेघ ठळक पडते. या झाडाला तसली कडक थंडी लागलेली दिसत नाही. उबदार हवा, पण ओल कधी पुरेशी, कधी तुटपुंजी.

“म्हंजी तवा बी आपल्याकडं पाऊस दगा द्यायचा?” जावेने विचारलं.

“तसं म्हणता येईल, पण एका तुकड्यावरून पक्कं सांगू नये.”

तेव्हा मी ते बोलले. मी भीमेचा पूर बघितलेला आहे. पुरात कुठल्या कुठल्या गावची लाकडं येतात, एकदा तर दार आलं होतं, कडीसकट. मी म्हटलं, “मॅडम, हे हितलंच कशावरनं? वाहून आलं आसलं तर?”

त्यांनी काप बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “आजी, खरा प्रश्न हाच आहे. वाहून आलं असेल तर या रेघा तुमच्या शेताच्या हवेबद्दल काही सांगत नाहीत. कुठल्यातरी उंचावरच्या रानाबद्दल सांगतात. ओंडक्याचं मातीतलं टोक दिसलं पाहिजे. मुळं असतील तर झाड इथलं. झिजून गोल झालं असेल तर आलेलं.” आणि लगेच म्हणाल्या, “पण तुम्ही कुणी हात लावू नका. विहिरीच्या मातीला आतून टेकू देऊन घ्या, मग मी येते.” हे त्यांनी दोनदा सांगितलं. माझ्यासमोर सांगितलं.

यारी दुसऱ्या दिवशी टेंभुर्णीकडच्या एका कामावर जायची होती. ती गेली की खाली उतरायचं साधन नाही. मला टोक बघायचं होतं. वखारीत बावीस वर्षं लोकांनी मला खोटं ठरवायचा प्रयत्न केला आणि मी बरोबर निघाले; तसंच आताही निघायचं होतं. मी जावेला म्हटलं, “जा, खुरप्यानं टोक मोकळं कर आन् फोटो काढ.” ती म्हणाली, “पाझर वाढलाय आक्का, माती फुगल्यागत वाटती.” मी म्हटलं, “भितीस काय? रोज तितंच असतीस की.” ती उतरली. दीर कुर्डुवाडीला लग्नाला गेला होता. तो असता तर उतरू दिलं नसतं.

ओंडका त्या मातीला खुंटीसारखा धरून होता. तिने खालची माती काढली आणि खुंटी सुटली.

शेजारच्या रानातली माणसं पळत आली. दोघे तिघे उडी टाकायला निघाले. यारीवाल्याने शिव्या घालून त्यांना मागे सारलं. अजून निम्मी माती वर लोंबत होती. तो म्हणाला, “एकच माणूस. आन् हलका. भिताडाला धक्का लागला तर बाई गेली.”

सगळ्यांत हलकी मी होते. कुणी काही बोलायच्या आत मी बादलीत बसले. मी शूर वगैरे नाही. तिला मी पाठवलं होतं, एवढाच हिशेब.

खाली जाऊ छातीपर्यंत गाडलेली होती. तोंड पांढरं पडलं होतं. मला बघून म्हणाली, “तू कशाला आलीस? दोगी बी मेल्यावर त्यास्नी भाकरी कोन घालनार?”

“गप बस. श्वास पुरवून वापर.”

“माजा मोबाइल धर आदी.”

मी मोबाइल घेऊन चोळीत खोचला. वरून म्हणत होते, काखेतून दोर बांधा, यारीने ओढतो. मी नाही म्हटलं. ओली चिकणमाती पाय सोडत नाही. ओढलं असतं तर कंबर तुटली असती. हातांनी उकरायला लागले. घमेलं भरलं की वर. पुन्हा घमेलं. पाझराचं पाणी येत होतं आणि माती खड्ड्यात परत बसत होती. मग पाणी येतंय तेच कामाला लावलं. पायांच्या कडेने वाट करून ते आत जाऊ दिलं, म्हणजे माती ढिली पडेल. एक पाय निघाला. दुसऱ्यावर ओंडकाच होता.

“आक्का, तुजं लाकूड माज्या पायावर बसलंय.”

“माजं न्हाय. वाहून आलेलं हाय, तूच सांगितलंस.”

ती हसली आणि हसताना कळवळली. वरून पहार सोडली. मी पहारीवर पोट टाकून दाबलं तेव्हा ओंडका चार बोटं उचलला गेला आणि तिने पाय स्वतःच ओढून घेतला. तो नडगीत मोडला होता. तिला बादलीत बसवून आधी वर पाठवलं. बादली माझ्यासाठी परत खाली येईस्तोवर भिंतीची आणखी माती पडली, माझ्या घोट्यापर्यंत आली. मग मी वर आले. तासाभरात उरलेला थरही बसला. ओंडका आता त्याच्याखाली आहे.

सोलापूरला दवाखान्यात मॅडम आल्या आणि रडायला लागल्या. मी त्यांना सांगितलं, रडू नका, तुम्ही नको म्हणाला होतात. उतरवलं मी. जावेच्या नवऱ्यालाही तसंच सांगितलं. तो माझ्याशी दोन महिने बोलला नाही. बरोबर केलं.

मोबाइलमधला फोटो मॅडमनी मोठा करून बघितला. टोक झिजलेलं होतं, साल नव्हती, मूळ नव्हतं. त्यांनी लिहिलं की लाकूड वाहून आलेलं आहे आणि त्यावरून या जागेची हवा सांगू नये. त्या जातीची झाडं तेव्हा या भागात कुठेतरी वरच्या अंगाला होती, इतकंच म्हणता येतं. आता त्या त्याच थरातली पानं आणि परागकण शोधतात. पानं नाजूक, लांबवर वाहत येईपर्यंत टिकत नाहीत, म्हणून ती इथली असायची शक्यता जास्त असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या कुणाच्या विहिरीतून माती नेतात, आतून टेकू दिलेल्या.

जावेच्या पायात सळई आहे. पाऊस यायच्या आधी तो दुखतो आणि ती मला ऐकू जाईल असं कण्हते. विहिरीत त्या दिवशी आम्ही दोघी होतो. दोघी जगलो.