चौथा प्रश्न

टायपिस्टबाईंना मी बारा वर्षं ओळखतो, म्हणजे त्यांच्या प्रिस्क्रिप्शनला ओळखतो. औषधांच्या दुकानदाराची ओळख तेवढीच. कचेरीत टायपिंग करून निवृत्त झालेल्या, लग्न केलेलं नाही, थोरला भाऊ गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावर एकट्याच. हृदयासाठी रोज एक निळी गोळी. ती बनवणारी कंपनी एकच, आणि किंमत अशी की सांगताना माझीच जीभ अडखळायची.

मध्यंतरी त्या गोळीचं पेटंट संपलं. म्हणजे आता कोणत्याही कंपनीला तेच औषध बनवायला मोकळीक. किंमत एकदम पावपट. बाईंना कधी एकदा सांगतो असं मला झालं होतं.

"बाई, नशीब उघडलं तुमचं! तेच औषध, पाव किमतीत."

त्यांचा चेहरा पडला. "मग फोन?"

माझ्या उत्साहावर विरजण पडलं. ती महागडी गोळी घेणाऱ्यांना कंपनीची एक नर्स दर महिन्याला फोन करायची. चार ठरलेले प्रश्न. काही तक्रार असली तर आठवड्याने पुन्हा फोन.

"म्हणून मी अधूनमधून चक्कर येते म्हणायचे," बाई खाली बघत म्हणाल्या. "येत नव्हती कधी."

मला हसू आलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

"जुनीच द्या," त्या म्हणाल्या.

दिली. हट्टापुढे कुणाचं काय चालतं? महिन्याने त्या परत आल्या. फोन आला नव्हता. मी कंपनीत चौकशी केली, तर त्यांनी ती सोयच गुंडाळली होती. आता जुनी घ्या नाहीतर नवी, फोन येणार नव्हता.

मी गुपचूप स्वस्तातली गोळी पुढे ठेवली. बाई हलल्या नाहीत.

"तुम्ही विचाराल का? एकदाच."

मग काउंटरच्या अलीकडून मीच विचारलं. गोळी वेळेवर घेता? हो. पाय सुजतात? नाही. चक्कर? नाही.

"आणि चौथा प्रश्न?"

"आणखी काही सांगायचंय का, असं विचारायची ती. मग मी सांगायचे."

"आणखी काही सांगायचंय का?" मी विचारलं.

बाईंनी तोंड उघडलं आणि मागे वळून पाहिलं. चार-पाच गिऱ्हाइकं चिठ्ठ्या घेऊन खोळंबली होती.

"नाही," त्या म्हणाल्या, "काही नाही." आणि गोळ्या पिशवीत टाकून बाजूला झाल्या.