उजव्या डोळ्याची लॉरी

गफूरभाई गेल्याचं मला जऊळक्याच्या फाट्यावर कळलं. पाहुण्याला बसवून द्यायला गेलो होतो. मंगरूळपीरहून आलेल्या एस.टी.च्या ड्रायव्हरनं इंजिन चालू ठेवूनच खिडकीतून मान बाहेर काढली. "गफूरचाचा गेले, भाऊ. झोपेतच गेले." मी नुसतं "बरं" म्हणालो. पाहुणा गाडीत चढला, गाडी गेली, आणि मी तिथंच धुळीत उभा... त्याला आता दीड महिना झाला. त्या दिवशी न सुचलेलं आज लिहितो आहे, आणि लिहिताना हसू येतं आहे. गफूरभाईंची हरकत नसावी. हसायला त्यांना आयुष्यभर मीच पुरलो.

ते सरकी काढायच्या जिनाची लॉरी चालवत. हंगामात कापूस आणि हंगाम सरला की लग्नाची वऱ्हाडं. गाडीच्या दिव्यांवर त्यांचा भारी जीव. बल्ब घ्यायचा तर आधी त्याच्या पितळी टोपीवरचा आकडा वाचायचा, मग उन्हाकडे धरून आतली तार पाहायची, कानाशी हलवून ऐकायचा आणि मग रुमालात गुंडाळून खिशात ठेवायचा. आमच्याकडं पोरगीसुद्धा इतकी निरखून कोणी पाहत नसे. मी तर मेडशीची पोरगी एका नजरेत पसंत केली होती. दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपलेली, लग्न ठरलं जेठात, मोसमातल्या अगदी शेवटच्या मुहूर्तावर, दिवेलागणीनंतर तासाभरानं. मुलीच्या मामांनी बजावलं होतं, "मुहूर्त चुकला तर तुळशीच्या लग्नानंतर पाहू." तुळशीचं लग्न पाच महिन्यांवर! मला पाच दिवस निघत नव्हते.

लॉरीचा उजवा दिवा त्या दिवसांत बंद पडला होता आणि बल्ब मिळत नव्हते. अकोल्याला फौजेचा उरलेला माल विकायला आला आहे, असं कळलं. मी कापडचोपड घ्यायला रेल्वेनं अकोल्याला निघालोच होतो. गफूरभाईंनी हातात चिठ्ठी दिली. बारा व्होल्टचे दोन बल्ब. "लिवलं तेच आणजो. अक्कल नको चालवजो."

मी इंग्रजी शाळेत चार वर्षं काढलेला माणूस. अक्कल न चालवता कसा राहीन? दुकानदारानं बाराचा बल्ब त्याच्या बॅटरीवर लावून दाखवला, तो काजव्यासारखा मिणमिणला. मग सहाचा लावला, तो लखलखला. दुकानदाराची बॅटरीच सहाची होती, हे मला कोण सांगणार? मी चिठ्ठी खिशात घातली आणि लखलखणारे दोन घेतले. परत आल्यावर गफूरभाईंनी विचारलं, "बराबर आणले ना?" मी म्हणालो, "दोन्ही लावून पाह्यले!" लग्नघरच्या गडबडीत त्यांनी तेवढ्यावर विश्वास ठेवला. जन्मात एकदाच.

वऱ्हाड निघालं. मालेगावला टायर बसलं, त्यात दिवस गेला आणि मेडशीच्या जंगलात अंधारानं गाठलं. गफूरभाईंनी उजव्या दिव्यात माझा बल्ब बसवला आणि बटण दाबलं. काय उजेड पडला म्हणता! बायका "अगं माय" म्हणाल्या, माझी छाती फुगली... आणि बल्ब गेला. पापणी लवायच्या आत. गफूरभाईंनी दुसरा बल्ब काढला, काडी ओढली आणि टोपी वाचली.

"चिठ्ठीत काय होतं?"

"बारा."

"अन् हे?"

"सहा. पण याचा उजेड जास्त होता, गफूरभाई."

त्यांनी काडी विझेपर्यंत माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात माझे मामा गाडीवरून ओरडले, "काय झालं रे? मुहूर्त निंगून चालला!"

"माल खराब निंगाला, मामा!" गफूरभाईंनी अंधारातूनच उत्तर दिलं. "लढाईचा माल!"

मग त्यांनी डाव्या दिव्यातला जुना, चालू बल्ब काढून उजवीकडं लावला. मामांना पटेना. "डावीकडंच राहू दे ना. खड्डा कसा दिसन?"

"खड्डा मले ठाऊक हाय, मामा. समोरून येणाऱ्या बैलबंडीवाल्याले मी ठाऊक नाई. उजवी बाजू अंधारात ठेवली, तर तो सरळ अंगावर येईन."

राहिली डावी बाजू. वरातीसाठी गॅसबत्ती आणली होतीच. ती पेटवून गफूरभाईंनी माझ्या हातात दिली आणि मडगार्डाकडं बोट दाखवलं. "बसा नवरदेव. तुमाले उजेडाची लय हौस."

असा मी सासरी पोचलो. डोक्याला बाशिंग, हातात गॅसबत्ती, मिशीत किडे. मुलीचे मामा हातातलं घड्याळ विसरून पाहतच राहिले. अंतरपाट धरला तेव्हा मी एका हातानं किडे काढत होतो, पण मुहूर्त साधला. "फौजेचा माल खराब" ही गोष्ट दोन्हीकडच्या पाहुण्यांनी पुढं वर्षानुवर्षं सांगितली. मीही मान हलवत राहिलो. गफूरभाईंनी चारचौघांत कधी चकार शब्द काढला नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा चाळिसावा झाला. आम्ही दोघं मंगरूळपीरला जाऊन आलो. परतताना एस.टी.त बायको खिडकीबाहेर पाहत एकदम हसली. म्हणाली, "सहा व्होल्ट!"

मी गार. "तुले कोणं सांगतलं?"

"त्यायनंच. लग्नाच्या पंगतीतच. म्हणे, वहिनी, माणूस लाख हाय, पण बजारात एकटा नोका पाठवू."

इतक्या वर्षांत मी धोतरजोडी घेतली, विळा घेतला, चहाच्या कपबश्या घेतल्या. प्रत्येक वेळी ही सोबत. माझ्याविना तिला करमत नाही, असं मी चारचौघांत मोठ्या ऐटीत सांगत आलो...

काल टॉर्चचे सेल संपले. दोन सेल आणायला काय अक्कल लागते? मी वहाणा शोधेपर्यंत ही डोक्यावरचा पदर सारखा करत ओट्याखाली उतरलीसुद्धा.

"चाला," म्हणाली. "गफूरभाईनं सांगून ठेवलं हाय."