खिंडीच्या अलीकडून परत

कांबळेदादा गेल्याचं मला इथे आखातात, अस्करच्या कारखान्यात, सकाळच्या शिफ्टला कळलं. आदल्या दुपारी माहूज वस्तीतल्या त्यांच्या खोलीत झोपेतच त्यांचं हृदय थांबलं होतं. फोरमनने सांगितलं, मी "ठीक आहे" म्हणालो आणि हातातलं रजिस्टर पूर्ण केलं. दीड महिना झाला, त्या "ठीक आहे"च्या पुढे मी अजून गेलेलो नाही...

दादा अमरावतीकडचे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. इथला व्हिसा, नोकरी, साहेबापुढे न अडखळता बोलणं, सगळं त्यांच्यामुळे. तरुणपणी ते मनालीला बर्फावर चालायला शिकले होते. भट्टीपाशी राबणारा हा माणूस दर एप्रिलच्या लीव्हमध्ये, घरी जाण्याआधी, स्कीवर डोंगर चढायला जायचा. दोन वर्षं मलाही नेऊन त्यांनी शिकवलं. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवून चढायचं, वर ती काढून घसरत उतरायचं.

तिसऱ्या वर्षी, सत्त्याण्णव साली, आम्ही एका खिंडीकडे निघालो. पहाटे बर्फ काचेसारखा टणक. स्कीची कड रुतेना, मी दोनदा घसरलो. ऊन चढलं तसा वरचा पापुद्रा फुटू लागला, पट्टीला ओले गोळे चिकटू लागले. खिंड फार तर दोनशे पावलांवर होती. दादांनी घड्याळ पाहिलं. उन्हाळ्यात भट्टीपासून माणसं ते अशीच घड्याळावर बाहेर काढत. कोणी कितीही "दोन मिनिटं" म्हणो.

"साडेदहा झाले. खलास. फिर मांगं."

"दादा, समोर तर आहे!"

"समोरच हाये. पन बर्फ नरम पडला. वरून सुटला तं?"

"तुम्ही भित्रे आहात."

"हावो, भितो बे. तुह्या मायले काय सांगू मी?"

मी स्कीच्या पट्ट्या ओढून काढल्या. गुडघाभर बर्फाच्या रबड्यातून उतरलो. तो उतार दिवसभर जागचा हलला नाही. खाली चहा पिताना मी तो त्यांना मुद्दाम दाखवला. ते हसले. "नाई सुटला. बरं झालं." ते बरोबर होते की नाही, कधीच कळलं नाही. आणि 'भित्रे' हा शब्द मागे घ्यायचा राहिला. रोज सकाळी जयभीम घालत होतो, म्हणूनच राहिला.

गेल्या शुक्रवारी वहिनींकडे सामान पाठवायला त्यांची खोली आवरली. कपाटाच्या दाराला आतून एक फोटो चिकटवलेला होता, त्याच दिवशी दादांनी खालून टिपलेला. मी उतरतोय, गुडघे वाकलेले, तोंड फुगलेलं. खाली दादांचं अक्षर : "असल्या बर्फात उतरला. एकदाही पडला नाही."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

फोटो सोडवायला गेलो तर कोपरा फाटू लागला. तसाच राहू दिला, दार लावलं. बाकी सगळं एका पेटीत मावलं.