ज्याचा दगड त्यानं उचलावा

माझी बायको भागीरथी दगड ठेवल्याशिवाय कुणाला घळीत उतरू द्यायची नाही. मुठीत मावेल एवढा दगड, आपला आपण शोधायचा, वाटेच्या तोंडाशी चौथऱ्यावर ठेवायचा, मग खाली जायचं. वर आलं की तोच उचलून लांब फेकायचा. चौथरा रिकामा झाला म्हणजे सगळी माणसं वर आली. एखादा दगड उरला तर ती पुन्हा खाली उतरायची. तिला लिहिता येत नव्हतं, पण या कामात ती कधी चुकली नाही. एकदा चुकली असं गाव म्हणतं. मी दोन यत्ता शिकलेला माणूस. आडवंतिडवं लिहीन, पण खोटं लिहिणार नाही.

आमच्या माळाला चीर पडावी तशी ती घळ. लांबून दिसत नाही, काठावर गेलं की पायाखालची जमीन संपते. दोन्ही बाजूंना तांबडे कडे, तळाशी बारमाही झिरा आणि झिऱ्याकाठी शेंदूर लावलेली देवी. सगळं रान जागीरदाराची शिकारगाह. वर्षभर काटेरी कुंपण, फाटकाला कुलूप, वर एक हवालदार. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी मात्र दिवस मावळेपर्यंत रयतेला मोकळीक. चिटगुप्प्याहून, पार आळंदकडूनही गाड्या यायच्या. वाट दाखवायचं काम भागीरथीच्या बापाचं. तो कड्यांवरचा मध काढायचा. त्याला मुलगा नव्हता, म्हणून ती वाट लेकीकडे आली.

सगळे तिला भागूअक्का म्हणत. एकदा कचेरीतला एक कारकून बूट घालून उतरायला निघाला. ती म्हणाली, "अण्णा, बूट डोक्यावर घ्या. म्हंजी तुमीबी जगाल आन् बूटबी जगतील." माणसं हसली, कारकुनानं मुकाट बूट काढले. बायका कड्यावरून खाली बघून घाबरल्या की तिचं ठरलेलं बोलणं, "पुढं बघू नगा, पायाखाली बघा. पुढलं मी बघायलेय." हवालदार म्हणायचा, "भागूअक्का, तू तो जागीरदार से बी कडक है गे." कुणी पोरीचा नाही तर म्हातारीचा दगड उचलायला गेलं, की मात्र ती खरोखर चिडायची. "ज्याचा दगड त्यानंच उचलायचा. दुसऱ्याचा उचलला म्हंजी त्याला खाली गाडलं."

हे मी दरसाल ऐकत होतो.

त्या वर्षी माझी आई म्हणाली, "झिऱ्याचं पाणी एकदा पिऊन येते. फुडल्या साली असंन का नसंन." पाठीतून वाकलेली म्हातारी. भागीरथीनं तिच्या हातानं एक चपटा पांढरट दगड ठेवून घेतला आणि बोटाला धरून तिला खाली नेलं. दुपार कलल्यावर माणसं वर यायला लागली. मी गड्यांबरोबर तुरीच्या गप्पा मारत वर आलो. बायका आधीच आल्या होत्या, आईही त्यांच्यातच असेल असं धरून चाललो. चौथऱ्यावर तिचा दगड दिसला. म्हातारी परत कुठं वाकेल, म्हणून माझ्या दगडाबरोबर तिचाही उचलला आणि फेकून दिला. भागीरथी मधल्या कड्याशी एका लेकुरवाळीला हात देत होती. ती वर आली तेव्हा चौथरा रिकामा. ती हवालदाराला म्हणाली, "आले समदे." त्यानं कुलूप घातलं.

घरी तिनं पीठ मळायला घेतलं आणि विचारलं, "अवो, आत्याबाई कुठं हायत?"

मी म्हणालो, "तुझ्यासंगं न्हाईत का?"

पिठाच्या हातानं ती पळत सुटली. हवालदार किल्ली घेऊन गेला होता. ती कुंपणातून घुसली, लुगडं फाटलं. मागं मी. तेवढ्या घाईतही तिनं चौथऱ्यावर दोन दगड ठेवले, एक तिचा, एक माझा. मग थांबली. "आत्याबाईंचा दगड कुणी उचलला?"

तिनं एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं आणि उतरली.

आई झिऱ्याच्या कडेला घसरून पडली होती. कंबर मोडलेली, अर्धी पाण्यात, अंग गार. भागीरथीनं तिला पाठीवर घेऊन वर आणलं. वर आल्यावर स्वतःचा दगड फेकला आणि मला म्हणाली, "तुमचा उचला." तिसऱ्या दिवशी आई गेली.

चौकशीला हवालदार आला. पारावर सगळं गाव. "अक्का, पत्थर कैसा चुक्या?"

डोईवरचा पदर पुढं ओढून ती म्हणाली, "माझीच नजर चुकली."

मी तिथंच बसलो होतो. बसूनच राहिलो.

घरी आल्यावर विचारलं, "कामून सांगितलंस तसं?" ती म्हणाली, "वाट दावायला गावाला दुसरं कुणीबी मिळंल. आईला मारलं म्हणून घेऊन जगायला तुमाला जमलं नसतं." मला जमलं नसतं हे खरं. तिला जमलं का, ते मी कधी विचारलं नाही.

वाट दाखवायचं काम दुसऱ्याकडं गेलं. दर तिसऱ्या सोमवारी ती माळवदावर उभी राहून गाड्यांची धूळ बघायची. "लई माणसं आलीत आवंदा," एवढंच म्हणायची आणि खाली येऊन चुलीला लागायची. गावातल्या नव्या सुना तिला 'दगड चुकलेली अक्का' म्हणून ओळखत. माझ्यासमोर म्हणत. मी ऐकून घेत होतो.

या चैत्रात ती तापानं गेली. तेराव्याच्या पंगतीत शेजारचा म्हातारा म्हणाला, "बाई सोन्यासारखी हुती. तेवढा एक दगड चुकला बघा."

मी पानावरून उठलो. "ती चुकली न्हाई. आईचा दगड म्या उचलला हुता. ह्या हातानं."

मग म्हाताऱ्यानं माझा दंड धरला. "बस गा दादा. मेलेल्या बायकोची चूक अंगावर घ्यायलाय बिचारा. लई जीव हुता तिच्यावर." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी ओरडलो, शपथ घेतली. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला.

माझा दगड तिनं उचलला तेव्हा सगळ्या गावाला पटलं. आता मी उचलायला गेलो, तर कुणी हात लावू देईना.