मेक्सिकोचा सिनेमा आणि माझी थळची आई

मंडळी, आज गंमतच झाली!

अलिबागच्या आमच्या फिल्म क्लबात एका मेक्सिकन दिग्दर्शकाचे कथा-कादंबऱ्यांवरचे सिनेमे दाखवतायत. जवळच्या थळ गावाहून आईला घेऊन गेले. पण संवाद स्पॅनिशमध्ये आणि खालची अक्षरं इंग्रजीत, तिला काहीच कळेना. मग मी तिच्या कानात मराठीतून सांगायला लागले.

मागच्या रांगेतल्या एक मावशी पुढे वाकल्या. वाटलं, आता बोलणी खाणार. त्या म्हणाल्या, "मोठ्यानं सांग गो, आम्हालाबी कळू दे!"

आयोजकांनी माईकच हातात दिला! मग काय, मी सुटलेच. नायिका नवऱ्याचं घर सोडून निघाली तेव्हा अख्ख्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

परतताना रिक्षात आई म्हणाली, "बरं केलंन तिनं. उद्या कुठली गोष्ट हाय?"

उद्याही माईक माझ्याकडेच आहे. कोण कोण येताय आईशेजारी बसायला?