दादाच्या नावावरचा रेकॉर्ड प्लेअर

मैत्रिणींनो, वडिलांचा शब्द राखायचा की आपलं काम आपलं म्हणायचं? तुम्हीच सांगा.

आज गोंदियाहून एक काका मी दुरुस्त केलेला जुना रेकॉर्ड प्लेअर विकत घ्यायच्या आधी तपासायला आले. "पोरानं बनवला," बाबा म्हणाले. पोरगी मशीन खोलते हे कळलं तर स्थळं येणार नाहीत, ही त्यांची भीती. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, चहाचा ट्रे धरून दारातच अडकले.

दादानं जोडणी करून रेकॉर्ड लावली, तर गाण्याआधी नुसती घुंऽऽ.

"ये कैसी आवाज?" काकांनी विचारलं.

दादा माझ्याकडे वळला. "सांग नं बाई, काऊन घुमून राह्यला हा?"

बाबांनी मान खाली घातली.

मी ट्रे ठेवला, अर्थिंगची सुटलेली तार जोडून ती घुंऽऽ थांबवली आणि म्हणाले, "काका, हा मी बनवला."