आत्याला वाघानं नाही मारलं

माझ्या आत्याला वाघानं नाही मारलं.

हे आधीच सांगून टाकते, कारण वर्षभर प्रत्येकानं मला पहिले तेच विचारलं. सावली तालुक्यातली ना तुमची आत्या? वाघ होता का बिबट?

नाही हो. गरमीनं मेली. घराच्या आत, दाराला कडी लावलेली असताना.

मग समोरचा "अच्छा" म्हणतो अन् विषय संपतो.

अनुसयाआत्याला जाऊन आज वर्ष झालं.

जन्मभर उन्हाळ्यात अंगणात झोपली ती. नवतपाचे ते आगीचे नऊ दिवस असो की काही असो. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडायचं, बाज टाकायची अन् पडल्या पडल्या अख्ख्या मोहल्ल्याशी गप्पा. कोणाच्या पोरीला पाहुणे आले, कोणाची म्हैस आटली, सगळं तिला बाजेवरच कळायचं. पंख्याचा तिला रागच होता. गरम हवा नुसती गरागरा फिरवते म्हणायची.

मग बिबट गावात फिरू लागला.

आधी कुत्रे गेले. मग शेजारच्या बकऱ्या. मग बाजूच्या गावात अंगणात झोपलेली एक म्हातारी.

त्या दिवसापासून सगळ्या गावाच्या बाजा आत गेल्या.

आत म्हणजे कुठं? मातीचं, कवेलूच्या छपराचं घर पाडून तिथं घरकुल बांधलेलं. स्लॅब दिवसभर तापायचा अन् रात्रभर आग ओकायचा. एकच खिडकी, तिलाही बिबट्याच्या भीतीनं पत्रा ठोकलेला. कूलर होता, पण लाइन असेल तर कूलर ना!

आत्या तिच्या पोराशी, म्हणजे दिलीपभाऊशी, रोज भांडायची. मग मला फोनवर तक्रार.

"मले कोंडून ठेवते हा पोट्टा. बिबट्यानं खावं असं माह्या अंगात रायलं तरी काय?"

अन् स्वतःच हसायची.

भाऊ ऐकायचा नाही. कडी स्वतःच्या हातानं लावायचा.

त्या आठवड्यात मोबाइलवर अलर्ट आला. उष्णतेची लाट आहे, घराबाहेर पडू नका.

अरे, घरातच तर मेली ती!

जो कोणी एसीत बसून हे मेसेज टाइप करतो, त्याला एकदा आमच्या झाडीपट्टीतल्या घरकुलात झोपवा रे. मे महिन्यात. दार लावून. लाइन गेलेली असताना.

सकाळी भाऊ उठवायला गेला तर अंगाला हात लावता येत नव्हता, इतकं तापलेलं. घामाचा थेंब नाही. काहीबाही बडबडत होती, पोटच्या पोराला ओळखतही नव्हती. गाडी मिळेपर्यंत, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, नॅचरल आहे.

नॅचरल काय होतं त्याच्यात?

गावात बाई मेली एवढं कळल्याबरोबर जंगलखात्याची जीप आली. एका पेपरवाल्याचा फोन आला. बिबट नाही म्हटल्यावर जीप वळली अन् फोन कटला. त्यांना तरी काय बोलू? त्यांचं काम वाघाबिबट्याचं. पण गरमीनं मेलेल्या माणसासाठी जीप कोणाची येते, ते सांगा ना कोणीतरी.

अन् तुम्ही लोक! दर मे महिन्यात स्टेटस ठेवता, "आपलं चंद्रपूर देशात नंबर वन", वर आगीचे इमोजी. काऊन? कशाची फुशारकी आहे ही? लोक मरून राह्यले इथी.

तेरवीला आलेले पाहुणे भाऊलाच बोलत होते. म्हातारीला असं कोंडायचं असते का, थोडी हवा घेऊ द्यायची होती, वगैरे. भाऊ पंगतीत वरण वाढत होता. ऐकत ऐकत दोन पानं वाढली त्यानं. मग बादली खाली ठेवली.

"मी कडी उघडी ठेवली असती अन् बिबट्यानं तिले नेली असती, तं तुमी मले काय म्हटलं असतं?"

पाहुणे मान खाली घालून जेवू लागले. मीही. त्यानं बादली उचलली अन् पुढच्या पानावर गेला.

आज सकाळी त्याला फोन केला. म्हणाला, बिबट अजून फिरूनच राह्यला बाई, आम्ही सारे आतच झोपतो. लहानी पोरगी गरमीनं रडते.

"कडी लावतो का?" मी विचारलं.

"लावतो," म्हणाला.

आत्या, इथलं काहीच बदललं नाही गं.

तू तरी आता उघड्यावर झोप.

तुझ्या भाचीचा नमस्कार.